नको म्हटलं तरी

मराठी माणसाच्या ‘नको’ला फारशी किंमत नसते, हे मला मुंजीच्या वयातच कळलं होतं. पंगतीत जिलबीवाला समोर आला की आपण ‘नको’ म्हणायचं, त्याने ‘अहो, घ्या हो, एवढीशी तर आहे’ म्हणायचं, आपण पानावर दोन्ही हात आडवे धरायचे आणि त्याने बोटांच्या फटीतून दोन जिलब्या आत सोडून पुढे सरकायचं, अशी रीतच आहे. आमचे एक काका आग्रहाला इतके भ्यायचे की वाढपी दिसला की पानावर चक्क ओणवे व्हायचे. एकदा त्यांच्या पाठीवर मठ्ठा सांडला. पण जिलबी पडली ती पानातच.

पंगतीतला आग्रह निदान दुपारच्या झोपेत जिरतो. घरातलं यंत्रच आग्रहाला बसलं तर काय करायचं, हे मात्र मला कोणी शिकवलं नव्हतं.

यंत्र म्हणजे आमचा संगणक. तो २०१० साली दिवाळीत घरी आला. तसा तो मी अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी आणला. अण्णांना पोस्टातून निवृत्त होऊन वीस वर्षं होत आली होती आणि त्यांतली पाच वर्षं ते ‘आठवणी लिहायच्या आहेत’ असं म्हणत होते. पण हात थरथरायचा, त्यामुळे कागदावर अक्षर उमटायच्या आधीच ते कोकणात उतरल्यासारखं वळणं घ्यायचं. त्यांचे एक मित्र त्या सुमारास छापखाना बंद करत होते. त्यांनी मराठी अक्षरजुळणीचं आपलं जुनं सॉफ्टवेअर अण्णांना देऊन टाकलं. त्या सॉफ्टवेअरला कुलूप होतं. काड्यापेटीएवढी एक डबी. ती संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या जागी खोचली तरच पडद्यावर मराठी उमटायची. डबी आणि नवा संगणक यांची पत्रिका जुळवायला जो मुलगा आला तो दोन दिवस आमच्याकडेच जेवायला होता. तिसऱ्या दिवशी एकदाचं पडद्यावर ‘श्री’ आलं. त्याने घाम पुसला आणि चपला घालता घालता मला बजावलं, ‘काका, चालतंय तेवढं चालू द्या. आता यात कशालाही हात लावू नका.’

हे वाक्य मी गुरुमंत्रासारखं धरून ठेवलं.

अण्णा तीन वर्षं एका बोटाने लिहीत होते. सकाळी चहा झाला की टक् टक् सुरू व्हायचं ते पेपरवाला येईपर्यंत. २०१४ च्या जानेवारीत ते गेले. मागे राहिली ती त्यांची दोनशे चौदा पानं, त्या यंत्राच्या पोटात. ‘वाचायची आहेत सावकाश,’ असं मी तेराव्याला सगळ्यांना सांगितलं. मग सावकाश हा शब्द मी शब्दशः पाळला. आधी नोकरी होती, मग हिचा गुडघा निघाला, मग माझी निवृत्ती आली. निवृत्त माणसाला वेळ नसतो, हे निवृत्त झाल्याशिवाय कळत नाही. हिने संगणकावर क्रोशाचं झाकण घातलं. मी ते रोज अर्धा तास वर करून वीजबिल भरायचो, रेल्वेची तिकिटं पाहायचो आणि पुन्हा खाली सोडायचो. अण्णांची फाइल कोपऱ्यात दिसायची. आहे ना जागेवर? आहे. झालं.

आता थोडं शास्त्रीय सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा. संगणक ज्या मूळ प्रणालीवर चालतो ती एका अमेरिकन कंपनीची होती. कंपनीचं नाव मी घेणार नाही. आमच्या आजीने अठ्ठावन्न वर्षांच्या संसारात आजोबांचं नाव घेतलं नाही, आणि तिची आजोबांबद्दलची तक्रार माझ्या तक्रारीपेक्षा कितीतरी मोठी होती. तर ही कंपनी आपल्या प्रणालीच्या नव्या आवृत्त्या काढते आणि अलीकडे त्यांना शाळेतल्या इयत्तांसारखे नंबर देते. आमच्या यंत्रात होती ती सातवी. सातवी २००९ साली निघाली आणि फार गुणी होती. २०१२ मध्ये आठवी निघाली. ती इतकी अवघड होती की कंपनीला पुढल्या वर्षी आठवीचीच पुरवणी परीक्षा काढावी लागली. नववी तर कंपनीने काढलीच नाही. एकदम दहावी! २९ जुलै २०१५ रोजी दहावी बाहेर पडली, आणि सातवी-आठवीतल्या सगळ्या मुलांना एक वर्षभर फुकट प्रवेश, अशी दवंडी पिटली गेली. फी माफ. प्रवेश परीक्षा नाही.

फुकट म्हटल्यावर मराठी माणसाने पळत सुटायला हवं. पण माझ्या कानात तो मंत्र होता. दहावीत गेल्यावर अण्णांची डबी चालेल का? मी चार जाणकारांना विचारलं. दोघे म्हणाले चालेल, एक म्हणाला नाही चालणार, आणि चौथ्याने ‘डबी म्हणजे काय?’ असं विचारलं. मी ठरवलं, आपलं यंत्र सातवीतच राहील. आमच्या घराण्यात सातवी पास होऊन सुखाने पोस्टात चिकटलेली माणसं आहेत.

इथून आग्रह सुरू झाला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, एक पांढरं चिन्ह येऊन बसलं. ते मी बोलावलं नव्हतं. त्याच्या डोक्यातून मधूनच एक चौकट निघायची आणि ‘आपली दहावीची जागा राखून ठेवू का?’ असं विचारायची. मी पाहुण्याला नको म्हणतात तसं नम्रपणे नको म्हणायचं ठरवलं, तर ‘नको’ असं लिहिलेलं बटणच नाही! काही दिवसांनी तर ‘आत्ता’ आणि ‘आज रात्री’ एवढे दोनच पर्याय समोर आले. पंगतीतला वाढपीसुद्धा ‘आत्ता वाढू की रात्री वाढू’ असं विचारत नाही. मग माझ्या लक्षात आलं की चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात एक फुली आहे. फुली दाबली की चौकट जाते. मी रोज फुली दाबू लागलो. देवपूजा, फुली, चहा, असा क्रमच लागून गेला.

हे चिन्ह येतं कुठून, याचा शोध माझ्या भाच्याने लावला. तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता आणि मामाचं काम म्हटलं की रविवारी जेवायला यायचा. तो म्हणाला, ‘मामा, कंपनी वेळोवेळी दुरुस्तीच्या पुड्या पाठवते. त्यातल्या एका पुडीतून हे आलंय.’ त्या पुडीचा नंबर ३०३५५८३. हा नंबर मला अजून पाठ आहे; माझा पेन्शनचा नंबर मला पाहून सांगावा लागतो. ती पुडी आम्ही काढून टाकली आणि यादीत लपवून ठेवली. काही आठवड्यांनी ती नवीन कपडे घालून पुन्हा हजर. पुन्हा काढली. पुन्हा आली. आमच्याकडे एक लांबचे मामेसासरे असेच येतात. त्यांनाही आम्ही दरवेळी स्टेशनपर्यंत पोचवतो.

त्यात पुन्हा नेटचा कोटा होता. महिन्याचा ठरावीक जीबी संपला की वेग असा मंदावायचा की वीजबिल भरेपर्यंत पुढचं बिल यायचं. त्या वर्षी आमचा कोटा दहा तारखेलाच संपू लागला. मी हिच्या भजनांवर संशय घेतला, हिने माझ्या क्रिकेटवर. शेवटी भाच्याने यंत्राच्या पोटातलं एक लपवलेलं कपाट उघडून दाखवलं. दहावीची सगळी पुस्तकं तिथे आधीच आणून ठेवली होती, काही जीबी भरतील एवढी! मुलाने प्रवेश घेतलेला नाही, बाप नको म्हणतोय, आणि दप्तर घरात येऊन पडलंय. हे एकट्या माझ्याच बाबतीत झालं नव्हतं, जगभर पुष्कळांची हीच तक्रार होती, असं भाचा म्हणाला. त्याने मला थोडं बरं वाटलं. हिला वाटलं नाही. तिच्या भजनांची माफी मी अजून मागायची होती.

२०१६ चा मे महिना उजाडला. एका सकाळी देवपूजा झाली, नेहमीसारखी चौकट आली, नेहमीसारखी मी फुली दाबली आणि चहा घेऊन आलो. दुपारी पुन्हा पाहिलं तर पडद्यावर मजकूर होता की ‘आपलं अपग्रेड अमुक तारखेला अमुक वाजता ठरलं आहे’! मी हिला हाक मारली. ‘अगं, मुहूर्त काढलाय!’ ती म्हणाली, ‘कुणाचा?’ मी म्हटलं, ‘यंत्राचा!’ ‘अहो, पण तुम्ही हो कधी म्हणालात?’ हाच तर प्रश्न होता. नंतर उलगडा झाला तो असा : त्या महिन्यात कंपनीने फुलीचा अर्थ बदलला होता. आता चौकटीत तारीख घालूनच पाठवत होते, आणि फुली दाबली म्हणजे ‘वाचलं, मान्य आहे, आता जा’ असा अर्थ धरला जात होता. वर्षभर ज्या फुलीने मी नको म्हणत होतो, ती एका रात्रीत होकार झाली होती! काका पानावर ओणवे झाले तर ‘पाठीवर वाढा म्हणताहेत’ असं समजायचं, तसलाच हा प्रकार.

मुहूर्त रात्री दोनचा होता. भाच्याचा फोन लागेना. मी मागची नेटची वायर उपटली. तरी भीती वाटली म्हणून विजेची उपटली. तरी वाटली म्हणून त्या खोलीचं बटणच बंद केलं. त्यामुळे पंखाही गेला, आणि मेच्या उकाड्यात मी संगणकाशेजारी खुर्ची टाकून मेणबत्ती लावून बसलो. अण्णांच्या आजारपणात दवाखान्यात असाच बसलो होतो. हिने दारातून पाहिलं आणि काही न बोलता वाळ्याचं पाणी आणून ठेवलं.

सकाळी भाचा आला. त्याने आपल्या लॅपटॉपवरून एक इवलासा कार्यक्रम आणला. त्याचं नाव ‘नेव्हर टेन’, आणि तो स्टीव्ह गिब्सन नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने त्याच वर्षी लिहून फुकट वाटला होता. त्या कार्यक्रमाला एकच काम येत होतं. यंत्राच्या कानात सांगायचं, ‘दहावी नको.’ गंमत म्हणजे ‘नको’ म्हणण्याची ही सोय कंपनीनेच यंत्रात करून ठेवली होती. फक्त ती अशा फडताळात होती की सामान्य माणसाचा हात तिथवर पोचू नये. गिब्सनसाहेबांनी स्टूल आणून दिलं, इतकंच. मी या माणसाला पाहिलेलं नाही. पण त्या वर्षी दत्तजयंतीला मी त्याच्या नावाने एक नारळ फोडला.

पुढे जूनमध्ये बातमी आली की कॅलिफोर्नियातल्या एका बाईंचा धंद्याचा संगणक असाच न विचारता दहावीत बसवायला गेले, तो नीट चालेना, त्यांनी कोर्टात खेचलं आणि दहा हजार डॉलर वसूल केले. त्यानंतर त्या चौकटीत ‘नको’ म्हणायची सरळ जागा आली आणि फुलीचा अर्थ पुन्हा फुली झाला. तोवर फुकट प्रवेशाची मुदत, २९ जुलै २०१६, महिन्यावर आली होती. हिने दहा हजार डॉलरचे रुपये करून पाहिले आणि म्हणाली, ‘तुम्ही नुसते मेणबत्ती लावून बसलात.’

इथे मी एक मूर्खपणा केला, आणि त्यात कंपनीचा काडीचा दोष नाही. भाचा जाताना व्यवस्थित लावून गेला होता : पुडी येईल, पण मला विचारून आत जाईल. त्याच यादीत सगळ्यात खाली एक ओळ होती. ‘कधीही तपासू नका’, आणि पुढे कंसात ‘शिफारस नाही’. त्या ‘कधीही’ शब्दाने मला भुरळ घातली. वर्षभर ‘नको’ शोधत होतो, आणि इथे ‘कधीच नको’ मिळत होतं! मी ती ओळ निवडली. दुसऱ्या दिवसापासून यंत्र शांत. चौकट नाही, पुडी नाही, कोटा महिनाअखेरपर्यंत पुरायचा. मी शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांनाही ही युक्ती दिली. त्यांनी मला पाव किलो खव्याचे पेढे दिले. असे दहा महिने गेले.

१३ मे २०१७, शनिवार. टीव्हीवर बातमी होती की आदल्या दिवसापासून ‘वॉनाक्राय’ नावाचा किडा जगभरच्या संगणकांत शिरतोय. शिरला की सगळ्या फाइलींना कुलूप घालतो आणि किल्लीसाठी तीनशे डॉलर मागतो. इंग्लंडातल्या सरकारी इस्पितळांत ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. दीडशेच्या वर देशांत लागण. मी पुन्हा वायर उपटायला धावलो. या बाबतीत माझा हात आता चांगला बसला होता.

रविवारी भाचा आला, त्याने सेटिंग पाहिलं आणि तो काही बोलेचना. मोठी माणसं रागावली की ओरडतात. हल्लीची मुलं रागावली की गप्प बसतात, ते जास्त लागतं. मग तो म्हणाला, ‘मामा, या किड्याचं औषध कंपनीने चौदा मार्चलाच पाठवलं होतं. फुकट. दोन महिने आधी. तुम्ही दारच बंद करून बसलात.’

‘पण मला दहावी नको होती रे.’

‘दहावीचा काय संबंध? मामा, तुमच्या सोसायटीची गच्ची गळते तेव्हा काय करता?’

‘डांबर लावून घेतो.’

‘आणि बिल्डर येऊन म्हणाला की अख्खी इमारत पाडतो, नवीन बांधून देतो, तर?’

‘त्याला पुनर्विकास म्हणतात. त्या सभेत मी विरोधात बोललो होतो. माझं भाषण इतिवृत्तात आहे.’

‘हां. अपडेट म्हणजे डांबर. अपग्रेड म्हणजे पुनर्विकास. तुम्ही बिल्डर नको म्हणून डांबरवाल्यालाही जिन्यावरून हाकलून दिलंत. अकरा पावसाळी ढग येऊन गेले डोक्यावरून, गळलं नाही हे नशीब.’

मी म्हटलं, ‘पण तो बिल्डरच डांबरवाल्याच्या वेषात येत होता त्याचं काय? ती ३०३५५८३?’ यावर भाचा क्षणभर थांबला आणि ‘हा मुद्दा बरोबर आहे’ असं म्हणाला. तो इंजिनिअर झाल्यावरही हे तो नाकारत नाही. माझं अजून हेच म्हणणं आहे : माणसाने एकदा डांबराच्या डब्यातून पुनर्विकासाचा करार आणून दाखवला की पुढे लोक डब्याला भितात, आणि मग गळतं ते आमच्याच घरात. सांगायचं म्हणजे, या किड्याला बळी पडलेल्यांत सर्वांत मोठा भरणा आमच्या सातवीवाल्यांचाच होता. त्यातल्या किती जणांनी माझ्यासारखं भिऊन दार लावलं होतं, कोण जाणे.

आमच्या यंत्रात किडा शिरला नव्हता. पण मला रात्रभर झोप लागली नाही. अण्णांची पानं त्या एका पेटीत होती, दुसरीकडे कुठेही नव्हती. तीन वर्षं ती मी एका फुलीच्या जोरावर राखत होतो. भाच्याने ती पेनड्राइव्हवर उतरवून आपल्या लॅपटॉपवर उघडली, तर पडद्यावर सगळी इंग्रजी अक्षरं, आकडे, कंस आणि टिंबं. पोस्टात कधीकाळी सांकेतिक तारा येत, तशी. डबीशिवाय ती मराठी व्हायला तयार नव्हती.

मग निर्णय झाला. सातवीतल्या यंत्राची नेटची वायर कायमची काढायची. नको असलेलं अपडेट, अपग्रेड आणि किडा, तिन्ही रोखण्याचा याहून खात्रीचा उपाय मला अजून सापडलेला नाही. खर्च शून्य. आणि नेटसाठी वेगळा लॅपटॉप घ्यायचा. दुकानात लॅपटॉप मिळत होते ते सगळे दहावीचे. म्हणजे इतकं करून दहावी घरात आलीच, आणि वर मी तिचे पैसे दिले. फुकट होती तेव्हा नको म्हणालो होतो. यावर हिने जे मौन पाळलं ते मी इथे देत नाही.

दहावीचा आग्रह निराळा. तिच्या घरगुती आवृत्तीत ‘कधीही तपासू नका’ ही ओळच काढून टाकली होती. माझ्यासारख्यांचा अनुभव घेतल्यावर ते योग्यच म्हणायला हवं. पुड्या यायच्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. २००३ पासून कंपनीने हा वार धरला आहे. आपल्याकडे पोचेपर्यंत मंगळवारची रात्र होते. मग यंत्र जागरणाला बसतं. ‘बंद करू नका’ असं लिहून गोल गोल फुगड्या घालत राहतं. आमच्याकडे श्रावणात चार मंगळागौरी असायच्या. हिने बारा महिने मंगळागौर मांडली, असं आमची ही म्हणते.

ते टाळायच्या नाना युक्त्या हेडमास्तरांनी गोळा केल्या. एक म्हणजे यंत्राला सांगायचं की आमचं नेट मोजून मिळतं, मीटर पडतोय; मग ते मोठ्या पुड्या सहसा आणत नाही. हेडमास्तरांनी जन्मात खोटं सांगितलं नव्हतं, पण यंत्राला सांगितलं. दुसरी युक्ती म्हणजे अपडेट आणणारी सेवा बंद करणं. ती बंद केली की थोड्या वेळाने आपोआप सुरू. का, तर तिला उठवायला आत आणखी एक सेवा ठेवलेली, आणि तिच्या नावातच वैद्य! पुढे २०१९ मध्ये घरगुती दहावीतही सरळ ‘थांबवा’ हे बटण आलं. जास्तीत जास्त पस्तीस दिवस. मग एकदा सगळं घ्यायचं आणि पुन्हा पस्तीस दिवस मागायचे. मला हे पटलं. सावकाराने दिलेली मुदत आणि डॉक्टरने दिलेली मुदत यांच्या मधली ही मुदत आहे. मी महिनाभर थांबतो, कुणाचं यंत्र बिघडल्याची बातमी येत नाही ना पाहतो, आणि मग डांबर लावून घेतो. कामाचे तास कोणते हेही यंत्राला सांगता येतं. त्या वेळात ते स्वतःहून बंद होऊन सुरू होत नाही. मी अठरा तास सांगितले. निवृत्त माणूस अठरा तास काम करतो यावर त्या यंत्राने विश्वास ठेवला. घरात कोणी ठेवलेला नाही.

१४ जानेवारी २०२० ला, संक्रांतीच्या तोंडावर, कंपनीने सातवीचा वर्ग बंद केला. आमच्या कोपऱ्यातल्या यंत्राला ते कळलंही नाही. त्याची वायर काढून तेव्हा पावणेतीन वर्षं झाली होती. क्रोशाच्या झाकणाखाली ते सुखात होतं. पण २०२१ च्या पावसाळ्यात त्यातून टक् टक् असा आवाज येऊ लागला. पहिल्यांदा मला वाटलं, अण्णाच. मग भाच्याने कान लावला आणि म्हणाला, ‘मामा, डिस्क चाललीय.’ त्या रात्री त्याने बसून सगळा मजकूर बाहेर काढला आणि आजच्या युनिकोडमध्ये फिरवला. आठवड्याने यंत्र गेलं. त्याला कोणी दहावीत ढकललं नाही, अकरावीत ढकललं नाही; ते सातवीतच गेलं.

फिरवलेल्या मजकुरात रफार चुकीच्या अक्षरावर जाऊन बसले होते आणि पहिल्या वेलांट्यांनी घरं बदलली होती. ‘वर्ग’ची ‘वगर्’ झाली होती आणि ‘कर्ज’चं ‘कजर्’. भाचा म्हणाला, ‘कोणीतरी एकदा सगळं वाचून दुरुस्त करायला लागेल.’ मी म्हटलं, ‘करतो. सावकाश.’

याच साली ५ ऑक्टोबरला अकरावी निघाली होती. आता माझा आग्रहाचा सराव झाला होता. लॅपटॉपने चौकट काढली की मी काय म्हणायचं ते ठरवून ठेवलं. चौकट आली, पण तिच्यात लिहिलं होतं की तुमचं यंत्र अकरावीसाठी पात्र नाही! कटऑफ लागला होता. प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा हवा, आमचा सातवीचा निघाला. सातवी काही आमचा पिच्छा सोडत नाही. वर टीपीएम नावाची चिप हवी, तीही २.० च हवी. ज्यांना सहा वर्षं माझा ‘नको’ ऐकू आला नाही, त्यांनी मला ‘नको’ म्हटलं. आणि काय सांगू, मला राग आला. मला अकरावी नको होती हे खरं, पण निदान विचारायचं तरी!

शेवटी १४ ऑक्टोबर २०२५ ला, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, दहावीचाही वर्ग सुटला. हवं तर नोंदणी करून आणखी एक वर्ष डांबर मिळेल, असं कळलं. पण भाचा आता ऐकणारा राहिलेला नाही. त्याने अकरावीचा नवा लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला. मी नको म्हटलं. तो म्हणाला, ‘असू दे मामा,’ आणि जुन्यातून एकेक फाइल नव्यात नेऊ लागला. अण्णांच्या फाइलीपाशी थांबून त्याने विचारलं, ‘दुरुस्त झाली ना ही?’

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी ती उघडली. पहिल्या पानापासून रफार उचलून जागेवर ठेवत गेलो. रोज आठ-दहा पानं. टपालाच्या थैल्या, पानशेतचा पूर, आईचं पहिलं पत्र, माझी सातवीतली गणिताची शिक्षा, सगळं त्यात होतं. परवा एकशे सत्याऐंशीव्या पानावर आलो. तिथे होतं :

‘चिरंजीवांनी दिवाळीस संगणक आणला. मी तीन वेळा नको म्हणून सांगितले. आमच्या घरात नको म्हटलेले कोणी ऐकत नाही, हा गुण त्याच्या आईकडून आला. आता आणलाच आहे तर वापरतो. डोळ्यांस फार त्रास होतो. सांगत नाही. एवढी हौसेने आणलेली वस्तू.’

मी ते दोनदा वाचलं. डबी बसवायला मुलगा आला होता ते दोन दिवस आठवायचा प्रयत्न केला. अण्णा तेव्हा काय म्हणाले होते? काही म्हणाले होते एवढं आठवतं. मी बहुतेक मागच्या वायरी धरून उभा होतो.

एवढ्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट आली. आत्ता पुन्हा सुरू करू का, की रात्री करू, की वेळ ठरवता?

ही उठून पाणी प्यायला आली होती. तिने माझ्या खांद्यावरून पाहिलं. ‘काय म्हणतोय?’

‘आग्रह करतोय.’

‘मग?’

मी वेळ ठरवली. मंगळवार, पहाटे चार. आणि पुढच्या ओळीतल्या ‘कजर्’वरचा रफार उचलून ‘ज’वर ठेवला.